जुन्या लाइनीतली शीळ

१

गोपीनाथ खलाशाच्या पुढच्या दातात फट होती, आणि भोपाळच्या त्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये तिच्याइतकी बदनाम जागा दुसरी नव्हती. म्हणजे ऑफिसर क्लबाचं मागचं दार होतं, पण तो विषय वेगळा.

दाताची हकिगत अशी. कारखान्यात मोठाले नग क्रेनने उचलतात. क्रेन चालवणारा वर पिंजऱ्यात, खाली यंत्रांचा खडखडाट, त्याला कुणाचं काय ऐकू येणार! म्हणून खाली खलाशी लागतो. नगाला दोर बांधायचे, शिळेने नाहीतर हाताने खूण करायची, आणि नग हवेत असेपर्यंत त्याला लावलेला एक दोर हातात धरून राहायचं, हेलकावू नये म्हणून. नोकरी नवी असतानाच एक लोखंडी कडी गोपीनाथच्या तोंडावर बसली, दाताचा टवका उडाला आणि त्याला जन्माची शीळ मिळाली. आधी चढती, मग लांब ओढलेली, आणि शेवटाला फटीतून निसटणारी बारीक सुरसुर. ती ऐकून वरचा ऑपरेटर डोळे मिटून क्रेन चालवायचा म्हणे. हे गोपीनाथच सांगायचा. ऑपरेटर वारला, तेव्हा त्याला विचारायची सोय नाही.

एक मात्र शंभर टक्के खरं. लटकतं वजन टाकून गोपीनाथ कधी गेला नाही. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला की सगळे हातातलं टाकून कँटीनकडे पळायचे. नग हवेत असेल तर हा दोर धरून तिथेच उभा. बाकी सगळ्या बाबतीत इतका वात्रट माणूस, पण दोराच्या बाबतीत सोवळ्यातला भटजी.

रिटायर झाल्यावर कारखान्याने क्वार्टरमध्ये भाड्याने राहू दिलं. घरात दोघंच, तो आणि सुमित्रा. मुलगी नागपूरला. सुमित्राच्या डोळ्यांत काचबिंदू उतरलेला, उजेड आणि सावली तेवढी कळायची. पण सकाळची फेरी चुकवायची नाही, आणि हातही धरू द्यायचा नाही. "चारचौघांत हात धरायला मी काय नवी नवरी आहे?" मग गोपीनाथ पुढे शीळ घालत चालायचा आणि ती त्या शिळेच्या मागे. शीळ वळली की ती वळायची, थांबली की थांबायची. पायरी आली की तो म्हणायचा, "सुमे, हळू." इतकंच. टाउनशिप हसायची, हसू दे.

घरी शीळ बंद. घरी जेवताना वाढायला उशीर झाला की हा हातातली लोखंडी अंगठी ताटाच्या कडेवर वाजवायचा. दोन ठोके लागोपाठ, तिसरा जरा थांबून. टिंग टिंग... टिंग. आणि स्वयंपाकघरातून ठरलेलं उत्तर, "आले हो, जरा दम धरा!" संसार झाला त्यांचा एवढ्यावर.

२

आता मंदाकिनीबाई. मूळच्या इंदूरच्या, टाउनशिपच्या शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेल्या. शिकवायचं थांबलं पण तपासायची खोड गेली नाही, म्हणून त्यांनी पाखरं तपासायला घेतली. देशभरातली हौशी माणसं आपापल्या दारची पाखरं मोजतात, झाडांना पालवी कधी, फळ कधी ते बघतात आणि फोनवरून एका उपक्रमाला कळवतात. त्यातून शास्त्रज्ञ काय ते काढतात. नेम असा की जागा रोज तीच हवी. पाव तास गप्प बसायचं, दिसलेलं वेगळं लिहायचं, नुसतं ऐकलेलं वेगळं.

बाईंची जागा म्हणजे जुन्या लाइनीसमोरची पुलिया, नाल्यावरचा बसका पूल. जुनी लाइन म्हणजे ओसाड पडलेल्या क्वार्टरांची रांग. माणसं गेली, मग दारं गेली, मग चौकटी गेल्या, शेवटी कुणीतरी नळाच्या तोट्याही नेल्या. आत झाडं माजली. बाईंच्या मते ते पाखरांचं गोकुळ.

गोकुळ म्हटल्यावर गोपीनाथला राहवतंय होय! सुमित्राला पुलियावर बाईंशेजारी बसवायचं, "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणायचं, लाइनीच्या टोकाला मेंदीच्या कुंपणाआड दडायचं आणि शीळ घालायची. ती शीळ कुठल्याही पाखराची नव्हती. चढती, ओढलेली, सुरसुर.

पुलियावर बाई ताठ व्हायच्या. "सुमित्राबाई, ऐकलंत? हे नवीन आहे."

सुमित्राला नवऱ्याची शीळ ओळखू येत नव्हती असं थोडंच आहे! पण ती पक्की. "हो का? तुमचा अभ्यास आहे बाई, आम्हाला काय कळतं."

कुंपणाआड गोपीनाथ तोंडावर उपरणं दाबून खुदखुदायचा. बरेच दिवस हा धंदा चालला.

मग एका सकाळी त्याने शीळ घातली, खुदखुदला, डोळे पुसले, आणि लाइनीतून उत्तर आलं.

चढती, ओढलेली, सुरसुर.

त्याला आधी गंमतच वाटली. लाइनीतल्या भिंतींवरून आवाज परत आला असेल. म्हणून त्याने पुन्हा घातली. काही नाही. मगाशी आलेला आवाज परतला होता तर आता का नाही? तो उठून गुडघे झाडत होता तेवढ्यात, शेवटच्या क्वार्टरातून, पुन्हा शीळ. आणि तिच्या मागोमाग, उपरणं तोंडावर दाबून हसावं तसं, कुणीतरी खुदखुदलं.

घरी जाताना गोपीनाथने शीळ घातली, पण नेहमीपेक्षा हळू.

३

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याचे दात गेले. हिरड्या सुजल्या, टी. टी. नगरच्या डॉक्टरने तोंडात डोकावून असा चेहरा केला जसा काही तो मोडकळीला आलेला पूलच बघतोय, आणि सगळे काढायला लावले. फटीवालाही गेला. डॉक्टरने दात पुडीत घालून दिले. गोपीनाथने ते डॉक्टरच्या पायपुसण्याखाली ठेवले. तेवढीच आठवण.

दात काढले त्या दिवशी तो सकाळपासून तिथल्या खुर्चीत आ वासून होता. सुमित्रा सोबत. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

कवळी आली, पण शीळ गेली ती गेलीच. ओठांचा चंबू केला की नुसती वाफ. बोलणंही पचपचीत झालं, सुमेची 'शुमे' झाली. फेरीला सुमित्रा आता त्याच्या सदऱ्याचं टोक धरायची आणि कुरकुरायची.

"तुमचा आवाज मला परक्या माणसाचा वाटतो हो."

"मग परक्या माणशाबरोबर फिरतेश, मज्जा कर की."

ती हसली, पण सदरा घट्ट धरला.

पुलियावर मंदाकिनीबाई रागाने लाल होऊन बसलेल्या. त्यांनी ती अनोळखी शीळ फोनवर टिपून उपक्रमाकडे पाठवली होती आणि तिकडच्या तपासणाऱ्याचं उत्तर आलं होतं: ही माणसाची शीळ आहे, कृपया पाखरांत धरू नये.

"गोपीनाथराव, मी शाळेत वाह्यात मुलांना बाकावर उभं करायची. तुम्हाला या पुलियावर उभं करू?"

"बाई, माझं काय! बघा," म्हणत त्याने कवळी काढून दाखवली. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"आधी आत घाला ते. आणि ऐका."

त्यांनी फोनवर टिपलेला आवाज लावला. शीळ निघाली, फटीच्या सुरसुरीसकट. मागून खुदखुदणं. गोपीनाथला मनातून हसू आलं, काय झकास शीळ होती आपली! मग त्याने विचारलं, "हे कधीचं?"

बाईंनी सांगितलं. ज्या सकाळी तो टी. टी. नगरला खुर्चीत आ वासून होता, तेव्हाचं.

फोनमधला आवाज संपला नव्हता. खुदखुदण्यानंतर थोडी शांतता होती, पानांची सळसळ, आणि मग त्याच्याच जुन्या, स्वच्छ, दात असलेल्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "सुमे, हळू."

सुमित्रा पुलियावरून चटकन उठून उभी राहिली. सवयीने.

४

गोपीनाथने हिशेब लावला तो सुधाकरवर. सुधाकर डिस्पॅचमधला क्लार्क, जन्मभराचा दोस्त आणि जन्मभराचं गिऱ्हाईक. त्याच्या डब्यात गोपीनाथने काय काय घातलं त्याची यादी इथे नको, जेवून आला असाल. एवढ्या वर्षांचं उट्टं काढायला माणूस शीळ शिकणार नाही?

सुधाकर अंगणात आरामखुर्चीत पेपर तोंडावर घेऊन झोपला होता.

"शुध्या, पुरे झाली नक्कल."

"अरे यार गोप्या, मला शीळ घालता आली असती तर मी लग्नाआधी नसती घातली? आणि तू काय मला विचारतोस? परवा मला लाइनीत कशाला बोलावत होतास तेच आधी सांग."

"मी?"

"नाही तर कोण? मी दूध घेऊन चाललोय, तू आतून ओरडतोस, 'सुध्या, डबा विसरलास!' म्हटलं आज काय मेलेला उंदीर ठेवलाय बघू. पायरीपर्यंत आलो. तू आत, अंधारात, खुदखुदतोयस. पण बाहेर काही येईनास. म्हटलं नको, गोप्याच्या मागे अंधारात जायचं म्हणजे पँटला डांबर. फिरलो मागे." सुधाकरने पेपर खाली घेतला आणि गोपीनाथच्या आत बसलेल्या गालांकडे नीट बघितलं. "यार, दात कधी काढलेस तू?"

"परवाच्या आधीच."

"मग तो आवाज तर बिलकुल साफ होता."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दोघांनाही थट्टा सुचली नाही. असं त्यांच्या दोस्तीत प्रथमच होत होतं.

घरी येईपर्यंत गोपीनाथच्या डोक्यात एकच गोष्ट ठाण मांडून बसली. सुधाकर पायरीवरून परतला, कारण त्याला डोळे होते. आत अंधार आहे हे त्याला दिसलं. सुमित्राला अंधार आणि सावली यांत फरक कळत नव्हता. तिला कळायची फक्त शीळ. आणि शीळ आता त्याच्या तोंडात नव्हती, लाइनीत होती.

"जे काही आहे ते हुडकून काढणार," तो सुमित्राला म्हणाला. "पाखरू अशो, माणूश अशो."

"आधी कवळी घट्ट बसवून घ्या," ती म्हणाली.

५

दुसऱ्या दिवशी चांगलं ऊन वर आल्यावर गोपीनाथ आणि मंदाकिनीबाई लाइनीत शिरले. बाईंना पाखरू बघायचंच होतं. "ऐकलेलं नाकारतात ना? दाखवतेच." सुमित्राला सुधाकरच्या घरी बसवलं होतं.

"कोतवाल असेल," बाई वाटेत समजावत होत्या. "काळा, दुभंगलेल्या शेपटीचा. तो इतर पाखरांची नक्कल करतो, मांजराची करतो. माणसाची का नाही करणार? तुम्ही रोज एकाच जागी शीळ घातलीत, त्याने उचलली. यात भुताखेताचं काही नाही."

गोपीनाथला हे फार आवडलं. शिकलेल्या माणसाने सांगितलं की कसं बरं वाटतं. त्याने मान डोलावली, चार पावलं चांगली टाकली.

शेवटच्या क्वार्टराच्या मागच्या अंगणात उंबर होता. खोडापासून वरपर्यंत पिकलेल्या फळांनी लगडलेला, खाली लाल सडा, कुजका गोड वास. बाई थबकल्या.

"काय झालं?"

"इतका उंबर पिकलाय," त्या हळू बोलल्या, "आणि एक तांबट नाही, बुलबुल नाही. खारसुद्धा नाही." त्यांनी कान दिला. समोरच्या झाडांच्या रांगेत सातभाई कलकलत होते. इकडे काही नाही. "मी रोज समोर बसते. बाहेरच्या झाडांचीच पाखरं मोजत होते मी. इकडची एकही नव्हती."

आत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. ओट्याचा दगड नेलेला, भिंतीवर मीटरच्या लाकडी फळीची चौकोनी खूण. जमिनीवर वाळकी पानं, पण पाऊल कुणाचं नाही. गोपीनाथने दरडावल्यासारखं खोकून बघितलं. आवाज कोरडा, लगेच विझला. मेंदीपर्यंत शीळ परत फेकणाऱ्या भिंती या नव्हेत, हे त्याला कळलं आणि नको होतं तेवढं कळलं.

"गोपीनाथराव, हे काय आहे?"

मधल्या खोलीच्या भिंतीवर तेलाचा डाग होता. असे डाग घरोघर असतात. तेल लावलेलं डोकं टेकून माणूस बसतो, वर्षानुवर्षं, आणि भिंत काळपट चकाकते. बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, किंवा फार तर उभ्याच्या.

हा डाग छताखाली वीतभर होता.

"उंच बिऱ्हाड होतं," गोपीनाथ म्हणाला. त्याने वर हात केला, टाचा उंचावल्या, बोटं पोचली नाहीत.

शीळ आली. ते नुकते जिच्यातून आले होते त्या खोलीतून.

चढती, ओढलेली, सुरसुर. खुदखुद. आणि मग मंदाकिनीबाईंचा आवाज, शाळेतला, करडा, "सुमित्राबाई, ऐकलंत? हे नवीन आहे."

बाईंनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, आपण बोललो नाही ना याची खात्री करावी तसा. बाहेर कसे आले ते दोघांनाही सांगता येणार नाही. बाई धापा टाकत पुलियावर टेकल्या.

"पाखराचा आवाज काढला की ते पाखरू जवळ येतं," त्या म्हणाल्या. "आपल्या हद्दीत दुसरा कोण आला ते बघायला. म्हणून आम्ही नक्कल करत नाही, करू देत नाही. गोपीनाथराव, तुम्ही आवाज काढलात तो कुणाचा?"

"कुणाचाच नाही. मनाचा."

"हेच म्हणतेय मी."

६

गोपीनाथने त्याच दिवशी मुलीला फोन करून नागपूरची तिकिटं काढायला लावली. इस्टेट ऑफिसला क्वार्टर सोडायचा अर्जही टाकला. तिथला बाबू म्हणाला, कारण लिहा. गोपीनाथने लिहिलं, 'हवापाणी'. मग आठवडाभर फेरी बंद, खिडक्या बंद. सुमित्रा म्हणाली, मला कोंडवाड्यात घातलंत.

जानेवारीतलं धुकं होतं. सकाळच्या पाळीचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. गोपीनाथ न्हाणीघरात कवळी घासत होता, नळ सोडलेला. नळाच्या आवाजाआडून त्याला शीळ ऐकू आली आणि क्षणभर, खोटं कशाला सांगा, त्याला अभिमानच वाटला. मग समोरच्या दाराची कडी वाजली.

कवळी मोरीत पडली. तो तसाच धावला.

रस्त्यावर धुकं असं की कंपाउंड दिसेना. पुढे कुठेतरी सुमित्राच्या चपला. फट फट फट, निवांत, फेरीला निघाल्यासारख्या. त्याही पुढे शीळ. शीळ वळली, चपला वळल्या. मेंदीचं कुंपण ओलांडून उंबराचा कुजका वास आला.

"सुमे, हळू," पुढून त्याचाच आवाज म्हणाला. "पायरी आहे."

"शुमे!" गोपीनाथ ओरडला. दात नाहीत, दम नाही. तोंडातून निघालं ते कुणाला माणसाचं वाटलं नसतं. "शुमे, थांब!"

चपला थांबल्या. धुक्यात तिची पाठमोरी आकृती त्याला दिसली, शेवटच्या क्वार्टराच्या पायरीवर, एक पाय आत.

"अहो," ती म्हणाली, आणि ती त्याच्याशी बोलत नव्हती, आत तोंड करून बोलत होती. तिचा आवाज घाबरलेला होता. "अहो, मागे कुणीतरी आहे."

"लक्ष देऊ नकोस," आतून त्याचा आवाज म्हणाला. "तू ये."

हे वाक्य गोपीनाथने कधीच, कुठेच म्हटलं नव्हतं. कोतवाल पाखरू ऐकलेलंच बोलतं.

पुन्हा हाक मारावी तर ती आणखी घाबरून आत जाणार. धावावं तर मधलं अंतर एका पावलापेक्षा जास्त, आणि तिला आत जायला एकच पाऊल पुरे. चाळीस वर्षं गोंगाटात काम केलेल्या माणसाला एवढं कळतं, जिथे आवाज फसतो तिथे लोखंडावर ठोकतात. त्याने शेजारच्या खिडकीच्या उरल्यासुरल्या गजावर अंगठी आपटली.

टिंग टिंग... टिंग.

सुमित्राची पाठ ताठ झाली. मग तिने कपाळाला आठ्या घातल्या असणार, कारण आवाजात त्या स्वच्छ ऐकू आल्या.

"आले हो, जरा दम धरा!"

आणि ती वळली. वळली, उतरली, हात पुढे करून गजाच्या आवाजाकडे आली, आणि गोपीनाथने तिचा हात धरला. यावेळी तिने धरू दिला.

तिच्या खांद्यावरून त्याची नजर दाराच्या भगदाडात गेली. जायला नको होती. धुकं आतही शिरलं होतं. माणसाचं तोंड जिथे असतं तिथे काही नव्हतं. पार वर, भगदाडाच्या माथ्याशी, आतून वाकून बाहेर बघावं तसे, फुगवलेले दोन गाल आणि शीळ घालायला केलेला ओठांचा चंबू. बाकी चेहरा भिंतीआड. ओठ सावकाश उघडले. पुढच्या दातात फट होती.

७

त्या दिवसापासून गोपीनाथ मुका झाला. मुद्दाम, लाइनीतल्याला उचलायला नवा शब्द मिळू नये म्हणून. बाहेर चकार शब्द नाही, घरात खाणाखुणा, सुमित्राच्या तळहातावर बोटाने. अंगठी काढून त्याने तिच्या डाळीच्या डब्यात, पार तळाशी पुरली. टाउनशिपला वाटलं, म्हाताऱ्याची नवी थट्टा.

मंदाकिनीबाईंनी जागा बदलली नाही. "मोजणी मध्येच तोडायची नसते," म्हणाल्या, आणि रोज पुलियावर बसून कळवत राहिल्या: उंबर, पिकलेला, पाखरू नाही. सुधाकर हातात काठी घेऊन शेजारी. तो रोज न चुकता एकच बातमी आणायचा, "आज आवाज कुंपणापर्यंत आला रे." मग, "आज कोपऱ्यावरच्या नळापर्यंत."

गोपीनाथने ट्रंकेतून कारखान्याचा दोर काढला. एक टोक सुमित्राच्या कमरेला, खलाशाच्या गाठीने, जी ओढली की आवळते आणि सुटत नाही. दुसरं टोक आपल्या मनगटाला.

"गाय समजलात का मला?" ती म्हणाली. त्याने तिच्या तळहातावर लिहिलं, 'हो'. तिने त्याला चापट मारली.

गाडी रात्रीची होती. सामान बांधलेलं. दुपारचं शेवटचं जेवण, तो बाहेरच्या खोलीत पाटावर, ताट समोर, ती स्वयंपाकघरात भात काढतेय. दोर दोघांच्या मधे जमिनीवर सैल पडलेला. गोपीनाथ बोटं चाटत होता आणि नागपूरच्या जावयाच्या बुटात काय घालावं याचा विचार करत होता. इतक्या दिवसांनी प्रथमच त्याला बरं वाटत होतं.

मागच्या व्हरांड्याच्या जाळीवर वाजलं.

टिंग टिंग... टिंग.

"आले हो, जरा दम धरा!" सुमित्रा म्हणाली.

त्याचा हात ताटावर नव्हता. त्याच्या हातात अंगठी नव्हती. तो ओरडला, "शुमे, मी इथं!" पण तिची पावलं मागच्या दाराकडे वळली होती, आणि कडी निघाल्याचा आवाज त्याच्या ओरडण्यातच आला. जमिनीवरचा दोर सळसळत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून पळाला आणि ताणला गेला.

सुमित्राचं वजन त्याला ठाऊक होतं. दोराच्या दुसऱ्या टोकाला काय आहे हे ओळखण्यात त्याचा जन्म गेला होता. या दोरावर सुमित्रा होती. आणखीही काहीतरी होतं.

त्याने ताट लाथेने उडवलं, खिडकीच्या गजाला दोराचे दोन वेढे दिले आणि भिंतीला पाय लावले. वेढे करकरले. सरकले नाहीत. मग त्याच्या डोळ्यांदेखत, उंबऱ्याला घासत असलेला दोर जमिनीवरून सुटला. हळूहळू वर चढला, आणि चौकटीच्या माथ्याला घासू लागला.

"अहो," बाहेरून, वरून, सुमित्राचा आवाज आला. "पायाखाली पायरी लागत नाही."

लागलीच दुसरा, साफ, दातांचा आवाज. "सोड की रे गोप्या. भोंगा होईल आता."

आणि कारखान्याचा जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. लांबलचक. सगळ्या टाउनशिपने हातातलं काम टाकलं.

गोपीनाथने तळहातांवर थुंकून दोर पुन्हा पकडला.